अ‍ॅग्रोबॅक्टेरियमची व्हिर जनुके प्रयोगशाळेत कशी जागी करावीत

झाडाला जखम झाली की पेशींतून फिनॉलिक रसायने आणि साखर झिरपते, जागा किंचित आम्लधर्मी होते. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू हीच लक्षणे ओळखतो आणि आपला डीएनए झाडात घालायला लागणारी 'व्हिर' जनुके सुरू करतो. व्हिरए हा पटलातला संवेदक फिनॉल टिपतो, सीएचव्हीई हे प्रथिन साखर टिपून व्हिरएला जोर देते. व्हिरए आपला फॉस्फेट गट व्हिरजी या दुसऱ्या प्रथिनाकडे सोपवतो आणि व्हिरजी टीआय प्लाझ्मिड या वेगळ्या, गोल डीएनएवरच्या 'व्हिर बॉक्स' या खुणेच्या भागाला चिकटून जनुके सुरू करतो. प्रयोगात जखमेतल्या फिनॉलची जागा अ‍ॅसिटोसिरिंगोन घेते, पण माध्यमाचा पीएच, साखर आणि तापमान जुळले नाही तर जनुके नीट सुरू होत नाहीत. म्हणूनच प्रयोग फसला की अ‍ॅसिटोसिरिंगोनवर संशय घेण्याआधी माध्यम आणि तापमान तपासा. दोष बहुधा तिथेच सापडतो.

व्हिरबी किंवा व्हिरई या व्हिर जनुकाच्या प्रवर्तकाला (जनुक सुरू करणाऱ्या डीएनए-भागाला) लॅकझेड, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर बनवणारे जनुक, जोडलेला स्ट्रेन घ्या. व्हिर जनुके जागी झाली की हे विकर तयार होते आणि शेवटी तेच मोजायचे आहे. तो योग्य प्रतिजैविक घातलेल्या एलबी या नेहमीच्या वाढ-माध्यमात २८ अंशांवर रात्रभर वाढवा. सकाळी पेशी सेंट्रिफ्यूज करून धुवा. धुणे टाळू नका, एलबीचा उदासीन पीएच सोबत आला तर पुढचे गणित बिघडते.

प्रेरण माध्यम म्हणजे एबी क्षार (जिवाणू वाढवण्याचे ठरावीक क्षारमिश्रण), १ टक्का ग्लुकोज आणि २० मिलीमोलर एमईएस (पीएच स्थिर ठेवणारे बफर, लिटरला सुमारे ३.९ ग्रॅम), पीएच ५.५. नेहमीच्या एबीत फॉस्फेट भरपूर असते, इथे ते १ ते २ मिलीमोलरवर आणा. फॉस्फेट कमी असले की व्हिरजीचे स्वतःचे उत्पादन वाढते, शिवाय जास्त फॉस्फेट पीएच वर ओढते. ग्लुकोज वेगळे निर्जंतुक करून नंतर मिसळा.

अ‍ॅसिटोसिरिंगोनचा साठा असा: १९.६ मिलिग्रॅम पूड १ मिली डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, म्हणजे १०० मिलीमोलर. उणे २० अंशांवर, अंधारात, लहान लहान नळ्यांत वाटून ठेवा. १० मिली माध्यमाला १० मायक्रोलिटर घातले की १०० मायक्रोमोलर होते. माध्यमासोबत ऑटोक्लेव्ह करू नका.

६०० नॅनोमीटरवर ०.१ प्रकाशीय घनता (गढूळपणाचे माप) ठेवून सुरुवात करा आणि २० ते २५ अंशांवर हळू हलवत १६ ते २४ तास ठेवा. इथेच सर्वांत जास्त लोक अडखळतात. ३० अंशांपुढे पेशी जोमाने वाढतात, माध्यम छान गढूळ होते, पण व्हिरए नीट काम करत नाही आणि व्हिर जनुके जवळपास बंद राहतात. गढूळपणा पाहून खूश होऊ नका.

मोजताना ०.१ मिली कल्चर ०.९ मिली झेड बफरमध्ये (या विकराच्या चाचणीचे बफर) घ्या, क्लोरोफॉर्मचे दोन थेंब आणि ०.१ टक्के एसडीएसचा एक थेंब घालून हलवा. मग ४ मिलिग्रॅम प्रति मिली ओएनपीजीचे (विकराने तोडले की पिवळा रंग देणारे रसायन) ०.२ मिली घाला आणि घड्याळ लावा. फिकट लिंबूसारखा पिवळा रंग दिसला की ०.५ मिली १ मोलर सोडियम कार्बोनेटने थांबवा. गडद पिवळ्यापर्यंत वाट पाहिली तर वाचन सरळ रेषेत राहत नाही. विकराच्या एककांचे सूत्र (ए म्हणजे त्या नॅनोमीटरवरचे शोषण, मिली म्हणजे घेतलेले कल्चर): १००० × (ए४२० − १.७५ × ए५५०) ÷ (मिनिटे × मिली × ए६००).

तुलनेसाठी चार नळ्या हव्यातच: फक्त डीएमएसओ, पीएच ७, ३२ अंश, आणि लॅकझेड नसलेला मूळ स्ट्रेन. शेवटची नळी पेशींची स्वतःची बीटा-गॅलॅक्टोसिडेज किती आहे ते सांगते, ती वजा केल्याशिवाय आकडा वापरू नका. डीएमएसओच्या नळीतही रंग आला, तर आधी काचभांड्यांत जुने अ‍ॅसिटोसिरिंगोन उरले आहे का ते पाहा.