निर्वासितांचा तात्पुरता दवाखाना: पहिल्या भेटीपासून पुढच्या डॉक्टरांपर्यंत

मी नव्याने आलेल्या निर्वासितांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. आमच्याकडे माणसं काही काळच असतात, मग कायमच्या फॅमिली डॉक्टरकडे जातात. हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. घरदार सुटलेल्या माणसाला विश्वासाचा डॉक्टरही न सांगता सुटला, तर ते फार लागतं.

पहिल्या भेटीत सगळं उरकायला जाऊ नका. इन्सुलिन, फिट्सच्या किंवा बीपीच्या गोळ्या संपत आल्यात का, कोणी गरोदर आहे का, ताप किंवा रेंगाळलेला खोकला आहे का, एवढं बघा. मलेरियाच्या भागातून नुकत्याच आलेल्याला ताप असेल, तर रक्त त्याच दिवशी तपासा.

घरातल्या मुलांना दुभाषी करू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. आईच्या पाळीबद्दल, अंगावरच्या जखमांबद्दल मुलाने का बोलावं? प्रशिक्षित दुभाषी घ्या. फोनवरचा चालतो, आणि दुभाषी ओळखीतला निघण्याची भीती असेल तर तोच बरा. बोलताना नजर पेशंटकडे असू द्या.

हिपॅटायटिस बी या यकृताच्या संसर्गासाठी एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी या तिन्ही रक्तचाचण्या एकदमच करा. संसर्ग आज आहे, होऊन गेलाय की लसीचं संरक्षण आहे, हे तिन्हींवरून मिळून कळतं. टीबीच्या मांटू चाचणीत हाताच्या कातडीत इंजेक्शन देतात आणि तिथे आलेली सूज ४८ ते ७२ तासांनी बघावी लागते, म्हणजे पेशंटला परत यावं लागतं. परत येणं ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी इग्रा ही रक्ताची चाचणी सोयीची, शिवाय टीबीवरच्या बीसीजी लसीमुळे ती फसत नाही. लसीकरणाचं कार्ड नसेल तर लसी झाल्याच नाहीत असं धरून सुरुवात करा.

स्ट्राँगिलॉइडिसकडे दुर्लक्ष होतं, म्हणून मुद्दाम सांगते. हा जंत काही त्रास न देता कित्येक वर्षं पोटात राहतो; पण दम्यासाठी वगैरे स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या की अंगभर पसरून जिवावर बेतू शकतो. तेव्हा स्टिरॉइडआधी तपासा. आयव्हरमेक्टिन देण्यापूर्वी माणूस मध्य आफ्रिकेत राहिलाय का हे विचारा. तिथला लोआ लोआ जंत रक्तात भरपूर असेल, तर या औषधाने मेंदूला इजा होऊ शकते.

छळाच्या आठवणी उकरून काढू नका. झोप कशी लागते, दिवसभराची कामं जमतात का, हे विचारा. पेशंट आपणहून बोलू लागला, तर मात्र घड्याळ बघू नका.

पेशंट पुढे पाठवताना जाडजूड फाइल कोणी वाचत नाही. एका पानावर आजार, औषधं, दिलेल्या लसी, यायचे रिपोर्ट, भाषा आणि दुभाषी स्त्री हवी की पुरुष, हे लिहा. एक प्रत पेशंटच्या हातात द्या. नव्या डॉक्टरची पहिली वेळ तुम्हीच ठरवा, दुभाष्यासकट. त्या तारखेनंतर दोन्हीकडे फोन करून भेट झाली का विचारा. झाली नसेल, तर औषधं तुमच्याकडूनच चालू ठेवा आणि नवी वेळ मिळवून द्या.