एका दिवसात लिश्टेनस्टाइन: झ्युरिकहून कमी खर्चात कसं जावं

बहुतेक भारतीय प्रवासी लिश्टेनस्टाइन पाऊण-एक तासात उरकतात. टूरची बस राजधानी फाडुट्सच्या मुख्य रस्त्याजवळ थांबते, मंडळी उतरतात, खालूनच किल्ल्याचा फोटो काढतात, चॉकलेट घेतात आणि आणखी एक देश झाला म्हणून पुन्हा बसमध्ये चढतात. मला याची हळहळ वाटते, कारण पाठीवर सॅक टाकून हिशेबाने फिरणाऱ्याला हा देश खूप काही देतो. इथे जे विकत मिळतं ते महाग आहे हे खरं. पण बघण्यासारखं बरंचसं पायी गाठता येतं आणि त्याला तिकीट नाही. म्हणून माझा सल्ला असा: देशात बसने शिरा आणि ऱ्हाइन नदीवरच्या जुन्या लाकडी पुलावरून चालत बाहेर पडा. पुढचा सगळा बेत याच हिशेबाने मांडला आहे.

आधी थोडी ओळख. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये ऱ्हाइनच्या पूर्वेला उभी पसरलेली १६० चौरस किलोमीटरची ही चिंचोळी पट्टी. लांबी जेमतेम पंचवीस किलोमीटर, लोकसंख्या चाळीस हजारांच्या घरात, गावं अकरा. विमानतळ नाही. चलन स्विस फ्रँक, कारण स्वित्झर्लंडशी झालेला सीमाशुल्काचा करार १९२४ पासून लागू आहे. दरडोई उत्पन्नात हा देश जगात अगदी वरच्या पायरीवर बसतो. त्यामागे बँका आहेत, तसेच कारखानेही आहेत. आपल्याकडे बांधकामाच्या साइटवर काँक्रीटला भोकं पाडणारं लाल रंगाचं हिल्टी मशीन तुम्ही पाहिलं असेल. ती कंपनी इथल्याच शान गावात १९४१ साली सुरू झाली आणि आजही तिचं मुख्यालय तिथेच आहे.

व्हिसा आणि फोन

वेगळा व्हिसा लागत नाही. लिश्टेनस्टाइन २०११ पासून शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे स्वित्झर्लंडसाठी घेतलेला शेंगेन व्हिसा इथेही चालतो. सीमेवर एरवी कोणी अडवत नाही, तरी पासपोर्ट जवळ ठेवा.

फोनचं मात्र नीट बघून घ्या. लिश्टेनस्टाइन युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे, स्वित्झर्लंड नाही. जर्मनी किंवा फ्रान्समध्ये घेतलेलं सिम लिश्टेनस्टाइनमध्ये घरच्या दराने चालतं, पण स्वित्झर्लंडमध्ये त्याच सिमवर जबरदस्त बिल लागू शकतं. स्विस सिमचं उलटं असू शकतं, त्यामुळे प्लॅनमध्ये लिश्टेनस्टाइन आहे का ते आधी पाहा. नदीकाठी फोन कधी या देशाचं नेटवर्क पकडतो, कधी त्या. सगळ्यात सोपं म्हणजे नकाशा आदल्या रात्री हॉस्टेलच्या वायफायवर उतरवून घ्यायचा आणि दिवसभर डेटा बंद ठेवायचा.

तिकीट: खरा खर्च इथे आहे

या सहलीतला सर्वांत मोठा खर्च झ्युरिक ते सारगान्स हा रेल्वेप्रवास. सारगान्स हे सीमेजवळचं स्विस स्टेशन, तिथून पुढे बस. तासाभराचा आहे, पण ऐनवेळी पूर्ण भाड्याने काढलात तर चांगलाच चटका बसतो. तुमच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर प्रश्नच मिटला, तो रेल्वेला चालतो आणि लिश्टेनस्टाइनच्या सरकारी बसलाही. नसेल तर स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर सवलतीची तिकिटं शोधा. ती ठरावीक गाडीपुरती असतात, आधी काढली की स्वस्त पडतात आणि दिवस जवळ येईल तशी महागतात. दिवसभराचा सवलतीचा पासही मिळतो. त्यालाही हाच नियम: लवकर घ्या. ज्यांच्याकडे युरेल पास (युरोपभरच्या रेल्वेचा पास) आहे त्यांनी बसचं तिकीट वेगळं काढायचं.

एक फ्रँक म्हणजे शंभराहून जास्त रुपये, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की दिवसभरातले निर्णय आपोआप सुचतात.

आदल्या रात्री

मोठी सॅक हॉस्टेलमध्ये किंवा झ्युरिक स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. छोट्या पिशवीत पाण्याची बाटली, विंडचीटर, टोपी आणि खाणं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, रस्त्याकडेच्या कारंज्यांचंही, जिथे 'पिऊ नये' अशी पाटी नसेल तिथे. त्यामुळे पाण्यावर एक पैसाही खर्चू नका.

खाण्याची तयारी आदल्या दिवशीच करा. कोप किंवा मिग्रो या स्विस सुपरमार्केटमधून पाव, चीज, टोमॅटो, केळी आणि दही घेतलं की दोन वेळचं भागतं. घरचे ठेपले, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या सोबत असतील तर उत्तमच, मात्र तूप-खव्याचे लाडू किंवा पेढे भारतातून नेऊ नका. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला तिथे मनाई आहे. रविवारी जाणार असाल तर खरेदी शनिवारीच उरका. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी सापडतात.

हवामान बघायला विसरू नका. मे ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत चांगला. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून फ्योन नावाचा उष्ण, कोरडा वारा या खोऱ्यात उतरतो. तो सुटला की डोंगर हाताशी आल्यासारखे स्पष्ट दिसतात, पण वारा भन्नाट असतो.

सकाळ: रेल्वे, मग बस

सातच्या सुमाराची गाडी धरा आणि डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. आधी झ्युरिकचं सरोवर लागतं, मग वालेनजे. या दुसऱ्या सरोवराच्या पलीकडे खुर्फिर्स्टन डोंगरांची रांग पाण्यातून सरळ वर उठते. मधे मधे बोगदे आहेत, म्हणून फोटोच्या मागे न लागता नुसतं बघत राहा. सारगान्स येण्याआधी गाडीतल्या स्वच्छतागृहात जाऊन या. मोठ्या स्टेशनांवर त्याचे पैसे पडतात.

सारगान्सला स्टेशनबाहेरच ११ नंबरची बस मिळते. फाडुट्सला पोचायला अर्धा तास. बस ऱ्हाइन ओलांडते आणि तुम्ही दुसऱ्या देशात असता. ना फाटक, ना शिपाई. नदीकडे लक्ष नसेल तर कळतही नाही.

वेळ हाताशी असेल तर वाटेत बाल्त्सर्सला उतरा. गावाच्या मधोमध सपाटीवर एकच टेकडी उभी आहे आणि तिच्यावर गुटेनबेर्ग किल्ला. चढ दहा मिनिटांचा. आतल्या खोल्या एरवी बंद असतात, पण टेकडीवरून सगळं खोरं उलगडतं आणि गर्दी जवळजवळ नसते. पाठोपाठची बस पकडून फाडुट्सला या.

फाडुट्स: आधी वर चढा

पोस्टाजवळच्या थांब्यावर उतरलात की मुख्य रस्ता समोरच आहे, पण तिकडे आत्ता वळू नका. ऊन चढण्याआधी किल्ल्याची वाट धरा. गावाच्या वर साधारण सव्वाशे मीटर उंचीवर किल्ला आहे, झाडीतून वीस-पंचवीस मिनिटांची चढण. आपल्याकडे सिंहगड चढणाऱ्याला हा चढ कोवळा वाटेल. वाटेवर देशाची माहिती देणारे फलक लावले आहेत, एकेका फलकापाशी थांबत गेलात तर दमही लागत नाही.

किल्ला आतून बघायला मिळत नाही, तिथे राजघराणं राहतं. या घराण्याची गोष्ट मला फार रंजक वाटते. व्हिएन्नाच्या दरबारात त्यांचं वजन मोठं होतं, पण पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत बसायचं तर थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन हवी. म्हणून त्यांनी १६९९ मध्ये शेलेनबेर्ग आणि १७१२ मध्ये फाडुट्सची जहागीर विकत घेतली. १७१९ साली सम्राटाने दोन्ही एकत्र करून त्याला घराण्याचं नाव दिलं. काम झालं, पण राजे काही इकडे फिरकले नाहीत. गादीवरचा राजा प्रथम इथे आला तो १८४२ मध्ये, आणि किल्ल्यात कायमचा मुक्काम झाला १९३८ पासून. वर्षातून एकदा, १५ ऑगस्टला, इथला राष्ट्रीय दिन असतो. त्या दिवशी किल्ल्याजवळच्या कुरणावर सोहळा होतो आणि रात्री आतषबाजी. तुमची तारीख जुळत असेल तर जरूर जा; फक्त गर्दीची तयारी ठेवा.

किल्ल्यापाशी बसून पहिला नाश्ता करा. खाली फाडुट्सची छपरं, पलीकडे ऱ्हाइनची सरळ रेघ आणि तिच्यामागे स्विस डोंगर. मग उतरून श्टेट्ले या पायी चालायच्या रस्त्यावर या. त्याच्या दक्षिण टोकाला २००८ साली बांधलेली पिवळसर विटांची संसद आहे. सदस्य फक्त पंचवीस. शेजारी सरकारी कचेरी आणि जवळच सेंट फ्लोरिन चर्च. तिन्हींना मिळून फेरी अर्ध्या तासाची.

इथलं पोस्टाच्या तिकिटांचं छोटं संग्रहालय चुकवू नका. प्रवेश फुकट आहे. लिश्टेनस्टाइनची स्वतःची तिकिटं १९१२ पासून निघतात आणि ती जगभरचे संग्राहक जपतात. लहानपणी वहीत तिकिटं चिकटवलेल्यांचा इथे तास सहज जातो. खणांत लावलेली तिकिटं ओढून बघता येतात, रंग आणि कोरीव छपाई डोळ्यांजवळ आणून न्याहाळता येते.

शेजारच्या पर्यटन कार्यालयात थोडे फ्रँक देऊन पासपोर्टवर आठवणीचा शिक्का मारून मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: पासपोर्टवर घेऊ नका. हा शिक्का अधिकृत नाही आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी उगाच प्रश्न नकोत. वहीत किंवा पोस्टकार्डावर घ्या. पोस्टकार्ड घरी पाठवायचं असेल तर इथलंच तिकीट लावून इथल्याच पेटीत टाका. नदीपलीकडे स्विस पेटीत हे तिकीट चालत नाही, तसंच स्विस तिकीट इथे चालत नाही.

दुपार: वर जायचं की गावात राहायचं

सकाळी बाल्त्सर्स केलं असेल तर दुपार फाडुट्समध्येच काढा. नसेल केलं तर २१ नंबरच्या बसने वर जा. ही बस ट्रीझनबेर्गमार्गे मालबुनला जाते. ट्रीझनबेर्ग हे डोंगरउतारावर विखुरलेलं गाव, मध्ययुगात पश्चिमेकडून आलेल्या वाल्सर लोकांनी वसवलेलं. मालबुन साधारण १६०० मीटरवर आहे. हिवाळ्यात स्कीइंग, उन्हाळ्यात कुरणं, गायींच्या घंटा आणि पायवाटा. तिथे जेवणाची पिशवी उघडा, तासभर चाला, परतीची बस धरा. फाडुट्सची दुकानं बघण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

एकदा तरी तिथलं जेवण हवं असेल तर केझक्न्योप्फली मागा. पिठाचे छोटे गोळे, भरपूर चीज, वर तळलेला कांदा, सोबत सफरचंदाची चटणीसारखी कुस्करलेली फोड. मांस नसतं, पोट भरतं. हॉटेलात वीसेक फ्रँक तरी जातील, म्हणून दोघांत एक घ्या.

चालत बाहेर

परतीला घाई करू नका. गावाच्या उत्तरेकडून राजघराण्याच्या द्राक्षमळ्यावरून एक चक्कर मारा आणि मग पश्चिमेला नदीची दिशा धरा. वीस-पंचवीस मिनिटांत बांधावर पोचता. हे दोन्ही काठचे उंच बांध पुरासाठी आहेत. १९२७ च्या सप्टेंबरात शानजवळ बांध फुटला आणि देशाचा उत्तरेकडचा सखल भाग पाण्याखाली गेला. त्या पट्ट्यातल्या लोकांना नदीचा धाक का होता ते बांधावर उभं राहिलं की कळतं. पाणी थंड, राखाडी-हिरवं आणि पाहता पाहता डोळे फिरतील इतकं वेगवान.

इथेच १९०१ सालचा लाकडी पूल आहे, १३५ मीटर लांब, वरून छप्पर, बाजूंनी फळ्या. या खोऱ्यात असे बरेच पूल होते, आता त्यांतला हा एकच उरला. मोटारींना बंदी. आत शिरलात की उजेड एकदम कमी होतो, लाकडाचा वास येतो, आणि मागून सायकल आली तर फळ्यांचा खडखड आवाज ती दिसण्याआधी तुमच्यापर्यंत पोचतो. फटींमधून खाली पाणी धावताना दिसतं. मध्यावर दोन देशांच्या सीमेची खूण आहे, तिथे थांबायला कोणी मनाई करत नाही. टूरच्या बसला इथे येता येत नाही, त्यामुळे संध्याकाळी पूल बहुधा तुमचाच असतो.

पलीकडे स्विस महामार्ग ओलांडून वीसेक मिनिटांत सेवेलेन स्टेशन येतं. छोटं स्टेशन आहे, तिकीटखिडकीच्या भरवशावर राहू नका. तिकीट अ‍ॅपवर किंवा फलाटावरच्या मशिनवर काढा. इथून सारगान्सला लोकल जाते आणि तिथे झ्युरिकची गाडी मिळते. बदलीला वेळ कमी असतो, पण गाड्या एकमेकींसाठी जुळवलेल्या असतात. सवलतीचं तिकीट ठरावीक गाडीचं असेल तर पुलावरून निघतानाच घड्याळ बघा, कारण ती गाडी हुकली तर ते तिकीट पुढच्या गाडीला चालत नाही.