डिशवॉशरमध्ये कोणते भांडे घालावे, कोणते घालू नये

डिशवॉशर भांडे घासत नाही. गरम, क्षारयुक्त पाण्याच्या फवाऱ्याखाली तो ते तास-दोन तास, आणि इको प्रोग्रॅम लावला तर बहुधा तीन तासांहून अधिक काळ भिजत ठेवतो. पाण्याचे तापमान प्रोग्रॅमनुसार साधारण 45 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. पावडरीत किंवा टॅब्लेटमध्ये धुण्याचा सोडा, डाग उडवणारे ऑक्सिजनयुक्त द्रव्य आणि पिष्ट व प्रथिने तोडणारी विकरे असतात. हे मिश्रण हाताने घासण्याच्या साबणापेक्षा कितीतरी तीव्र असते. त्यामुळे भांडे मजबूत आहे की नाजूक, हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. बिडाचा तवा काचेच्या पेल्यापेक्षा मजबूत असतो, तरीही आत पेला जातो आणि तवा बाहेर राहतो. विचारायचे ते असे की, या भांड्याचे चांगलेपण त्याच्या अंगच्या धातूत आहे, की कोणी वरून चढवलेल्या किंवा वर्षानुवर्षांच्या वापराने चढलेल्या थरात आहे. थरात असेल तर ते भांडे हातानेच घासावे.

स्टीलपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण कोकणातल्या घरात रोजच्या वापरातली ताटे, वाट्या, पेले, टोप आणि डबे बहुतेक स्टीलचेच असतात आणि ते निर्धास्तपणे आत जातात. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, आणि क्रोमियममुळे धरणारा अदृश्य पापुद्रा सोड्याला दाद देत नाही. त्याचा खरा शत्रू मीठ आहे. सोलकढीसाठी आगळ ओतलेले पातेले किंवा खाऱ्या बांगड्याचे ताट न विसळता मशीनमध्ये ठेवले आणि मशीन भरण्याची वाट पाहत ते तिथेच रात्रभर राहिले, तर मीठ आणि आंबट मिळून स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतात, आणि ते पुढे कशानेही जात नाहीत. दोष मशीनचा नसतो, वाट पाहण्याचा असतो. माणसे थोडी आणि मशीन एक दिवसाआड लागणार असे घर असेल, तर खारट-आंबट भांडी साध्या पाण्याने विसळूनच आत लावावीत. तांब्याचा तळ बसवलेली पातेली मात्र स्टीलची म्हणून आत घालू नयेत, कारण तळाचे तांबे काळवंडते.

स्टीलच्या चमच्यांवर कधी कधी बारीक तांबूस ठिपके दिसतात आणि घरात चमच्यांच्या प्रतीवर शंका घेतली जाते. नखाने खरवडून पाहावे. ठिपका निघाला आणि खाली स्टील गुळगुळीत लागले, तर तो गंज चमच्याचा नसून शेजारच्या लोखंडाचा आहे. एखादी लोखंडी पळी, खोवणीचे सुटे पाते किंवा खिळ्याने जोडलेल्या मुठीचा झारा त्याच फेरीत गेलेला असतो आणि त्याचा गंज पाण्याबरोबर सगळ्यांवर बसतो. त्यामुळे विळी, खोवणी आणि लोखंडी कालथे यांना मशीनमध्ये जागा नाही. चांगल्या सुऱ्याही बाहेरच ठेवाव्यात, कारण धारेच्या पोलादात निकेल जवळजवळ नसते, ते लवकर डागाळते, आणि फवाऱ्याने सुरी शेजारच्या भांड्यावर आपटून धार बोथट होते. मासे कापायची सुरी असेल तर हे नुकसान दुसऱ्याच दिवशी कळते.

सर्वांत जास्त भांडी वाया जातात ती ॲल्युमिनियमची. हवेत या धातूवर आपोआप एक पातळ ऑक्साइडचा थर धरतो आणि तोच त्याला जपतो. मात्र सोड्याच्या गरम पाण्यात तो थर विरघळतो आणि उघडा पडलेला धातू काळपट होतो. गणपतीच्या आधी माळ्यावरून काढलेले ॲल्युमिनियमचे मोदकपात्र धूळ जावी म्हणून एकदा मशीनमध्ये घातले, तर त्याची भोकांची चाळणी निस्तेज, राखाडी होऊन बाहेर येते, तिच्यावरून बोट फिरवले तर बोट काळे होते, आणि वर ठेवलेल्या केळीच्या पानालाही तो काळेपणा लागतो. चिंच किंवा आमसूल घालून पाणी उकळले तर काळेपणा काहीसा उतरतो. गेलेली झळाळी मात्र परत येत नाही. हाच नियम ॲल्युमिनियमचा कुकर, कढई, इडलीपात्र आणि जर्मनचे टोप यांना लागू आहे. हार्ड ॲनोडाइज्ड भांडी काळीच असल्यामुळे त्यांना काही होणार नाही असे वाटते, पण तो काळा थरही ॲल्युमिनियमचाच ऑक्साइड आहे आणि क्षाराने पांढुरका, डागाळ पडतो. धातू ओळखायला लोहचुंबक लावण्याची सवय इथे फसवी ठरते, कारण तो ॲल्युमिनियमला चिकटत नाही आणि 304 स्टीललाही जवळजवळ चिकटत नाही. भांडे हातात घेऊन पाहावे. त्याच मापाच्या स्टीलपेक्षा ते ठळकपणे हलके आणि जाड असेल, तर ते ॲल्युमिनियमच समजावे.

घावने आणि आंबोळ्यांचा बिडाचा तवा, बिडाचे आप्पेपात्र, लोखंडी कढई यांच्यावर तेल पुन्हा पुन्हा तापून जो काळा, गुळगुळीत लेप बसतो, तो बसायला महिने लागतात आणि जायला मशीनची एकच फेरी पुरते. तेलाचे थर तोडणे हेच तर त्या पावडरीचे काम आहे. असा धुतलेला तवा पावसाळ्यातल्या हवेत तासाभरात तांबूस होतो, आणि त्यावरचे पहिले घावन उचलता उचलत नाही. पितळेच्या भांड्यांचे कारण निराळे आहे. त्यांच्या आतली कल्हई म्हणजे कथलाचा थर. हा धातूही क्षाराने झिजतो, आणि कल्हई उडालेल्या पितळेत आमसुलाची किंवा चिंचेची आंबट आमटी ठेवणे प्रकृतीला चांगले नाही. कल्हई करणारा आता सहज दारावर येत नाही, हेही लक्षात घ्यावे. कल्हई नसलेली पूजेची तांब्या-पितळेची उपकरणी आणि समया काळवंडतात, म्हणून त्यांना आमसूल किंवा चिंच-मिठाने हातानेच घासावे. चांदीची वाटी स्टीलला टेकून धुतली गेली तर तिच्यावर डाग पडतात.

लाकडाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पोळपाट, लाटणे, लाकडी डाव, करवंटीचा डाव, बांबूची चाळण, शिरवाळ्यांचा लाकडी साचा यांपैकी काहीही आत जात नाही. लाकूड पाणी पिऊन फुगते, सुकताना चिरते, आणि चिरेत ओल राहून बुरशी धरते. सावंतवाडीच्या लाखकामाच्या वस्तूंचा तर प्रश्नच नको. बिनचकाकीची मातीची भांडी पावडरीचे पाणी शोषून घेतात आणि पुढच्या स्वयंपाकात ते बाहेर सोडतात, तेव्हा मातीच्या भांड्यातले कालवण आवडणाऱ्यांनी ते भांडे गरम पाणी आणि काथ्याने घासावे.

काही भांडी धातूने चालणारी असूनही जोडांमुळे बाद होतात. मिक्सरचे स्टीलचे भांडे आत टाकण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण त्याच्या तळाशी पात्याचा दांडा, बुश आणि रबरी सील असते. त्यात गरम क्षाराचे पाणी शिरले की वंगण जाते आणि काही दिवसांनी ओले खोबरे वाटताना खालून काळे पाणी गळू लागते. पाते फिरकीने सुटे होत असेल तर केवळ रिकामे भांडे घालावे. स्टीलचा कुकर आत जातो, मात्र रबरी रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने धुवावेत, आणि झाकणातले वाफेचे भोक उजेडाकडे धरून मोकळे आहे हे पाहावे. थर्मासमध्ये दोन भिंतींच्या जोडात पाणी शिरले तर तो पुन्हा गरम धरत नाही. नॉनस्टिकवर चालेल असे लिहिलेले असले तरी कडेला किंवा चरा पडलेल्या जागी खालचे ॲल्युमिनियम उघडे असते, त्यामुळे लेपाचे आयुष्य घटते. माझ्या मते तो तवा हाताने धुण्याइतका सोपा असताना ही जोखीम घेण्याचे कारण नाही.

चिनी मातीच्या बशा, कप आणि लोणच्याच्या बरण्या चालतात, मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. नक्षीवरून बोट फिरवून ती उठावाची लागली तर ती चकाकीच्या वर छापलेली आहे आणि हळूहळू पुसली जाईल. सोनेरी कड त्याहून लवकर जाते. बरणीच्या बुडाला बिनचकाकीचे खरखरीत कडे असते, तिथे ओल मुरते. म्हणून मिठातल्या कैऱ्या भरण्यापूर्वी बरणी मशीनमधून काढून चांगली उन्हात ठेवावी. प्लॅस्टिकच्या डब्यांवर त्रिकोणात 5 आकडा असेल तर ते पॉलिप्रोपिलीन, आणि ते वरच्या जाळीत बहुतेक टिकते. पातळ डबे वाकतात. हळदीचा पिवळा डाग मशीनने पूर्ण जाईल ही अपेक्षा ठेवू नये, तो उन्हात ठेवल्यावर फिका होतो. मेलामाइनच्या बशा त्यांच्यावर तशी खूण असेल तरच घालाव्यात. ही खूण बहुधा ताटे किंवा पेला आणि वरून पडणारे थेंब अशा चित्राची असते, आणि ती भांड्याच्या बुडाला शोधावी, कारण खोक्यावरचे आश्वासन खोक्याबरोबर जाते.

ताटे लावण्यापूर्वी ती घासण्याची गरज नाही, निपटणे पुरे. पण कालवणातली तिरफळे, आमसुलाच्या साली, माशांचे काटे आणि नारळाचा चोथा हे सगळे तळाच्या गाळणीत अडकते, म्हणून ते आधी काढावे आणि गाळणीही वरचेवर उघडून धुवावी.

काचेच्या बाबतीत निर्णय तुमच्या विहिरीवर अवलंबून आहे. जांभ्याच्या पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते. तिथे मशीनमधील पाण्याच्या कठीणतेचे सेटिंग सर्वांत खाली ठेवावे आणि पावडरही कमी घालावी, कारण मृदू पाणी, पावडरीचा जास्त क्षार आणि उष्णता एकत्र आली की काच कायमची धुरकट होते. खाडीकाठच्या मचूळ पाण्याला मात्र मशीनमध्ये घालण्याचे मीठ उपाय नव्हे. ते मीठ कॅल्शियम-मॅग्नेशियम काढणाऱ्या भागासाठी असते, पाण्याचा खारटपणा ते काढत नाही. मिठागरावरचे जाडे मीठ त्या जागी वापरू नये, कारण त्यात माती आणि नको असलेले क्षार असतात. पेला धुरकट दिसला तर त्यावर व्हिनेगर चोळून पाहावे. डाग गेला तर तो पाण्याचा क्षार होता आणि सेटिंग वाढवून भागेल. डाग गेला नाही तर काच झिजली आहे, आणि उरलेले पेले यापुढे कमी तापमानाच्या प्रोग्रॅमवर धुवावेत.