‘आमची परंपरा आहे’ हा युक्तिवाद कसा तपासावा: विसर्जन मिरवणूक आणि डीजे

विसर्जन मिरवणुकीतील डीजेचा विषय मंडळाच्या बैठकीत निघाला, की ‘वर्षातून एकदाच तर असतं’ आणि ‘आमच्याच सणांवर बोट का’ ही दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. बोलणाऱ्यांची श्रद्धा बहुधा खरी असते. म्हणून त्यांना झटकून न टाकता त्यांचा युक्तिवाद नीट तपासावा.

प्रथम, परंपरा नेमके कशाला म्हटले जात आहे ते वेगळे काढावे. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला व्यापक सार्वजनिक रूप दिले. स्थापना, आरती, मिरवणूक आणि विसर्जन ही त्याची अंगे आहेत. ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचणे ही त्यामानाने अलीकडची भर आहे. मात्र येथेच थांबू नये, कारण जुनेपणाने कोणतीही गोष्ट निर्दोष ठरत नाही: ढोल-ताशा जुनाच आहे, तरी अरुंद गल्लीत पन्नास ढोल एकदम वाजू लागले तर त्याचाही त्रास होतो.

त्यानंतर आनंद कोणाला मिळतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहावे, आणि माझ्या मते हाच तपासणीचा गाभा आहे. नाचणारा स्वखुशीने आलेला असतो व नको वाटल्यास बाजूला होऊ शकतो. परंतु वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना किंवा बाळंतिणीला उठून जाता येत नाही. खिडक्या लावून घेतल्या तरी खालच्या पट्टीतला दणका भिंतींतून आत येतो, तावदाने थरथरतात आणि तान्हे मूल दचकून रडू लागते. कानांच्या सुरक्षिततेसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो, तर १०० डेसिबलला ही मर्यादा जेमतेम १५ मिनिटांची असते. मिरवणूक एका चौकात याहून कितीतरी जास्त वेळ थांबते. ट्रॉलीला खेटून चालणारी आपलीच मुले या हिशेबात सर्वांत आधी येतात, याची आठवण बैठकीत जरूर करून द्यावी.

येथे न आवडणे आणि इजा होणे यांत फरक करावा. ज्याला मिरवणूकच नकोशी वाटते, त्याच्या नावडीखातर उत्सव आवरता घेण्याचे कारण नाही. झोप, श्रवण आणि हृदयविकाराच्या रुग्णाचा जीव यांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे श्रद्धा कितीही उत्कट असली तरी ती दुसऱ्याच्या वतीने संमती देऊ शकत नाही.

‘आमच्याच सणांवर बोट का’ याचे उत्तर हाच निकष सर्वांना लावून द्यावे: भोंगे, वराती, प्रचारसभा, कोणीही सुटू नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ती वेळेची सवलत आहे. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

हा विषय डीजेची सुपारी देण्यापूर्वीच मांडावा, कारण आगाऊ रक्कम गेल्यावर सहसा कोणी ऐकून घेत नाही. नुसता विरोध न करता टाळ-मृदंग, लेझीम किंवा मोजकी ढोलपथके, रुग्णालयाच्या अलीकडे वादन थांबवण्याची जागा आणि संपण्याची वेळ असा लेखी ठराव सुचवावा. तो फेटाळला गेला आणि प्रत्यक्ष त्रास सुरू झाला, तर वेळ व ठिकाण नोंदवून ११२ वर तक्रार करावी. आपले नाव गुप्त ठेवावे, अशी स्पष्ट विनंतीही त्याच वेळी करावी.