आधी इंजिन कुणाचं ते शोधा: जुन्या मोटरहोमच्या पहिल्या लांब प्रवासाची तयारी

पन्नासेक वर्षांपूर्वीची, मोजकीच निघालेली मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, लांबच्या प्रवासाला काढायची म्हटलं की हात आधी पान्याकडे जातो. त्याआधी एक वही घ्या. पहिल्या पानावर गाडीचं नाव लिहा आणि त्याखाली तिच्या पोटात कुठल्या गाडीचं सामान आहे ते लिहा. या गाड्या बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी घर स्वतः बांधलं. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल मात्र उसने आणले. जीएमसी मोटरहोम १९७३ ते १९७८ या काळातच निघाली, पण तिची पुढची चाकं ओढणारा सगळा संच ओल्डस्मोबिल टोरोनॅडो या कारचा आहे: आधी ४५५ घनइंचाचं व्ही-८, शेवटच्या काळात ४०३ चं. अल्ट्रा व्हॅन विमानासारखी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, सगळ्या मिळून चारशेच्याही आत निघालेली, आणि बहुतेकींच्या शेपटीत शेव्हरोले कॉर्व्हेअरचं हवेवर थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन. फोर्कलिफ्ट बनवणाऱ्या क्लार्क कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॉर्टेझमध्ये क्रायस्लरचं तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं २२५ घनइंचाचं इंजिन होतं. लष्करासाठी चिलखती वाहनं बनवणाऱ्या एफएमसीची २९ फुटी २९००आर जेमतेम हजाराच्या आसपास निघाली, तिच्या मागच्या बाजूला क्रायस्लरचंच ४४० घनइंचाचं इंजिन.

म्हणजे दुर्मीळ आहे ते घर. सुट्या भागांच्या काउंटरवर अल्ट्रा व्हॅनचा फॅनबेल्ट मागितलात तर समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत राहील; कॉर्व्हेअरचा मागितलात तर वर्ष विचारेल. मोटरहोमचं नाव सांगून अर्धा तास वाया घालवायचा अनुभव मी घेतला आहे, तो तुम्ही घेऊ नका.

पण माहितीपुस्तिकेवर डोळे मिटून विसंबू नका. कॉर्टेझचंच बघा, पुढच्या वर्षांत तिच्यात फोर्डचं व्ही-८ आलं आणि मग टोरोनॅडोचा संच. शिवाय मधल्या कुठल्या मालकाने काय बसवलं असेल सांगता येत नाही. इंजिनच्या ब्लॉकवर ओतीव क्रमांक असतो, तो वायरब्रशने घासून वाचा, फोटो काढा आणि वहीत उतरवा. मग फिल्टर, प्लग, पॉइंट, वॉटर पंप, पेट्रोल पंप, व्हील सिलिंडर यांचे क्रमांक एकेका ओळीत. बेअरिंग आणि ऑइल सील यांच्या अंगावरच बहुधा क्रमांक असतो. तो हाती असला की गाडीचं नाव सांगायचीही गरज राहत नाही. हे काम कंटाळवाणं आहे. एक अख्खा रविवार जातो, आणि तो जाऊ द्यावा.

वहीचं दुसरं पान न मिळणाऱ्या वस्तूंचं. पुढची काच, खिडक्यांची रबरी बीडिंग, दाराची कडी, मागच्या दिव्याचं भिंग, छतावरच्या झडपेचं झाकण, फायबरच्या बॉडीचे साचेबंद तुकडे. इंजिन बिघडलं तर चार दिवस जातील. काच गेली तर अख्खा मोसम गेला समजा. काचेवर बारीकसा तडा असेल तर तो निघण्याआधी भरून घ्या. बीडिंगचा नखाएवढा आडवा काप घेऊन वहीत चिकटवा, कारण तसाच छेद असलेली बीडिंग दुसऱ्या कुठल्या बसला किंवा बोटीला लागत असते आणि तुकडा दाखवल्याशिवाय ती सापडत नाही. छतावरची झाकणं प्रवासात उडतात. जुनं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं असतं, ते दोरीने आतून बांधून टाका. दिसायला बरं नाही दिसत, चालतं.

आता चाकांकडे या, आणि इथे घाई करू नका. टायरची नक्षी बघून टायर चांगला म्हणणं ही उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक. टायरच्या कुशीवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाआधीचा आहे, त्यावर निघायचा विचारही नको. रबर न वापरताही म्हातारं होतं. त्याहून मोठी गोष्ट रिमच्या मापाची. जीएमसीसह त्या काळच्या अनेक मोटरहोमना साडेसोळा इंची रिम होत्या. त्या मापाचे टायर आता मोजकेच मिळतात, आणि सोळा इंची टायर त्या रिमवर चढवल्यास चढतोही. तो तिथे कधीच नीट बसत नाही. बसवण्यासाठी हवा वाढवत गेलं की टायरच्या कडेतली तार तुटते आणि टायर फुटतो. यात माणसं दगावली आहेत. रिमवरचं माप स्वतः वाचा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. सोळाचे टायर हवे असतील तर रिमही सोळाच्या घ्या. स्टेपनीची रिम विसरू नका, बहुतेकदा जुनी रिम तिथेच राहून गेलेली असते.

नट सोडवण्याचा सराव घरीच करा. जुन्या क्रायस्लर आणि डॉजच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असू शकतात. हे ठाऊक नसलेला माणूस रस्त्याच्या कडेला जोर लावून बोल्टच तोडतो. तुमच्याकडचा जॅक भरलेल्या गाडीचं वजन पेलतो का, आणि तो नेमका कुठे लावायचा, हेही तेव्हाच कळेल. जीएमसीच्या मागच्या चाकांना स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. पिशवी बसली की गाडी खाली येते, म्हणून नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, फ्रेमखाली स्टँड हवेतच. टोयोटाच्या छोट्या कॅम्पर गाड्यांपैकी एखादी तुमच्याकडे असेल तर मागच्या चाकाचे नट मोजा. दुहेरी चाकांखाली पाच नटांचा हलका एक्सल असलेल्या गाड्यांचे एक्सल तुटत, त्यासाठी अमेरिकेत रिकॉलही झाला, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या, आणि सहा नटांचे जाड एक्सल आले. पाच दिसले तर प्रवासाची तारीख पुढे ढकला.

ब्रेक. सगळं जुनं ब्रेक ऑइल काढा आणि नवं भरा, कारण नेहमीचं डॉट ३ किंवा ४ ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, लांब उतारावर तापलं की त्यात वाफ धरते आणि पेडल तळाला जातं. आधीच्या कुणी सिलिकॉनचं डॉट ५ घातलं असेल तर दोन्ही एकत्र करायची नाहीत. रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतात आणि आतून फुगून बंद झालेल्या असतात. वय कळत नसेल तर बदला. ड्रम एकदा तरी उघडाच. उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर हमखास गळतात आणि लायनर भिजवतात.

इंधनाच्या पाइपांबद्दल मी जरा हट्टी आहे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने आतून विरघळत जातं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा काढून इथेनॉल सोसणारा नवा टाका, टाकीच्या माथ्यावरचा, सहज हात न पोहोचणाराही. फोक्सवॅगनच्या व्हॅनमधल्या जुन्या, हवेवर थंड होणाऱ्या उभट इंजिनात तर यात तडजोडच नाही: त्याचा क्रँककेस, म्हणजे इंजिनचं मुख्य कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तो पेटला की साध्या अग्निशामकाला दाद देत नाही. अग्निशामक तरीही ठेवा, दोन ठेवा. एक ड्रायव्हरच्या हाताशी, दुसरा दाराबाहेर पडल्यावर हाती लागेल असा.

इंजिन थंड कसं राहतं हे आपल्या गाडीपुरतं तोंडपाठ हवं. कॉर्व्हेअरचा बेल्ट उभ्या पुलीवरून निघून काटकोनात वळतो आणि आडवा पंखा फिरवतो; तो तुटला की इंजिन फार वेळ तग धरत नाही. सोबत दोन बेल्ट ठेवा आणि फार ताणून बसवू नका, घट्ट बेल्टच लवकर तुटतो. फोक्सवॅगनच्या जुन्या उभट इंजिनातही पंखा बेल्टवरच चालतो, म्हणून डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागला की तिथल्या तिथे थांबायचं. पण १९७२ च्या सुमाराला त्याच व्हॅनमध्ये आलेल्या मोठ्या टाइप-४ इंजिनाचा पंखा थेट क्रँकवर बसतो. तिथे बेल्ट तुटला तरी पंखा फिरत राहतो, चार्जिंग तेवढं जातं. बाहेरून दोन गाड्या सारख्याच दिसतात, आणि तोच लाल दिवा एकीत ‘थांब’ म्हणतो, दुसरीत ‘जवळच्या गॅरेजपर्यंत चल’. इंजिनभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्टी जागेवर आहेत ना, तेही बघा. लोक त्यांना शोभेची वस्तू समजून काढून टाकतात आणि मग खालची गरम हवा पुन्हा वर ओढली जाते. त्यानंतरच्या पिढीत, ८० च्या दशकात, पाण्यावर थंड होणारं इंजिन आलं. त्याच्या हेडची रबरी गॅस्केट बसते ती कड गंजते, म्हणून फॉस्फेट नसलेलं कूलंटच भरा आणि पाणी बदलल्यावर गाडीचं नाक उंचावून रेडिएटरचा स्क्रू सैल करून हवा काढा. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मधल्या लांब पाइपांत हवा अडकून बसते.

टोरोनॅडोचा संच असलेल्यांनी सीव्ही जॉइंटचे, म्हणजे पुढची चाकं फिरवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांचे, रबरी बूट वाकून बघावेत. फाटक्या बुटातून ग्रीस गेलं की जॉइंट वळणावर कटकट आवाज करू लागतो. टॅपेट, पॉइंटचा गॅप, टायमिंग ही नेहमीची कामं, त्यावर लिहीत बसत नाही. पॉइंट आणि कंडेन्सर या ठिणगीच्या यंत्रणेतल्या भागांचा चालू स्थितीतला जुना जोड मात्र डब्यात ठेवा. नवा कंडेन्सर खोक्यातूनच मेलेला निघतो, असं एकदा नव्हे, दोनदा झालंय.

विजेचं थोडक्यात: बॅटरीची अर्थिंगची पट्टी काढून, घासून पुन्हा घट्ट करा. फायबरच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या घरात दिवे मिणमिणण्याचं निम्मं कारण तिथेच असतं. १९६७ आधीची फोक्सवॅगन असेल तर ती सहा व्होल्टची आहे का ते बघून मगच दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडा.

घरातला गॅस मात्र थोडक्यात आटपायचा विषय नाही. रेग्युलेटर आणि रबरी नळी नवी घ्या, मग प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर साचतो. त्यासाठी तळाला ठेवलेली भोकं नंतरच्या कुणी थंडी वाजते म्हणून गालिच्याखाली बुजवलेली असतात. ती मोकळी करा. जुन्या हीटरच्या भट्टीला चीर गेली असेल तर जळका वायू थेट झोपायच्या जागेत येतो, म्हणून तपासून घेतल्याखेरीज तो लावू नका आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवाच. गॅसवर चालणारा जुना फ्रिज गाडी तिरकी उभी असताना चालवायचा नाही, त्याच्या आतली रसायनं गुरुत्वावर वाहतात.

सगळं सामान, पाणी, माणसं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. शक्य असेल तर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला. टायरमधली हवा त्या आकड्यावरून ठरवा. कपाटं भरताना जड वस्तू मागच्या टोकाला जातात, कारण मोठं कपाट तिथेच असतं. त्यांना एक्सलच्या जवळ आणा. गाडीची खरी उंची, छतावरच्या झाकणासकट, मोजून कागदावर लिहा आणि ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर चिकटवा.

सोबतच्या डब्यात काय ठेवायचं हे आता वहीच सांगेल: बेल्ट, होज आणि क्लिपा, पेट्रोल पंप, वॉटर पंप असल्यास तोही, एका चाकाचं बेअरिंग आणि सील, फ्यूज, वायर, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, उलट्या-सुलट्या आट्यांचे थोडे नट.

आणि पहिला टप्पा ५० किलोमीटरचाच ठेवा. तेवढं गेल्यावर सपाट जागा बघून थांबा, चाकांचे नट पुन्हा आवळा, खाली वाकून ताजे थेंब आहेत का पाहा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यभागी, हबजवळ हात नेऊन ऊब बघा. दोन्ही बाजूंची जोडीची चाकं सारखीच कोमट असतील तर पुढे निघा. एखादं चटका देत असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग आवळलं गेलंय. घर अजून ५० किलोमीटरवरच आहे, वळवा गाडी.