फ्रिज परत करायचाय? मग या चुका टाळा

गणपती तोंडावर आले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या दुकानांतून फ्रिज, वॉशिंग मशीन भराभर बाहेर पडतात आणि दिवाळीपर्यंत त्यांतल्या काहींच्या तक्रारी सुरू होतात. दुकानदार म्हणतो, "आमच्या हातात काय नाय वहिनी, कंपनीला फोन लावा." कंपनीचा माणूस येतो, बोर्डाकडे बघतो आणि सांगतो, "तुमच्याकडची लाइटच बरोबर नाही." दोष वस्तूत आहे की घरच्या विजेत, या एका प्रश्नावर सगळं अडतं. तिथे आवाज चढवून काही होत नाही, कागद लागतो. आणि तो पहिल्या काही दिवसांतच तयार करावा लागतो.

खोका न फोडता माडीवर ठेवणं

ही खास चाकरमान्यांची चूक. मुंबईहून घेतलेली वस्तू टेम्पोने गावी येते, घर बंद असतं, खोका मे महिन्यात उघडतो. वॉरंटी सहसा बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. तुम्ही खोका कधी फोडलात याच्याशी तिला देणंघेणं नसतं. वस्तू आली की शेजारच्या कुणाकडून तरी उघडून घ्या, उघडताना व्हिडिओ काढायला सांगा. चेपलेला पत्रा वाहतुकीत चेपला की घरात, हे सहा महिन्यांनी कोण सांगणार? फ्रिज टेम्पोत आडवा घालून आणला असेल, तर उभा केल्यावर किती वेळ थांबून चालू करायचा हे माहितीपुस्तिकेत पाहा.

"लाइटमुळे गेलं" हे ऐकून गप्प बसणं

हा शेरा कोकणात फार सहज मारला जातो, कारण तो पुष्कळदा खराही असतो. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल उरत नाही आणि अर्थिंग कमकुवत होतं. पावसाळ्यात फांदी तारेवर पडते, दाब वरखाली होतो. वळवाच्या विजेने टीव्हीचा बोर्ड जळला असेल, तर कंपनीशी भांडण्यात वेळ घालवू नका; तो दोष वस्तूचा नव्हे.

पण "खरा असू शकतो" म्हणजे "खरा आहे" असं नाही. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. कारागिराला मीटर लावायला सांगा आणि आलेला आकडा जॉबशीटवर, म्हणजे तो भरून तुमची सही घेतो त्या कामाच्या कागदावर, लिहून घ्या. नुसतं "व्होल्टेज प्रॉब्लेम" असं लिहिलं असेल, तर त्याखाली "मोजणी केली नाही" असं स्वतः लिहून मगच सही करा. परवानाधारक वायरमनकडून वायरिंग आणि अर्थिंग तपासून त्याचाही लेखी दाखला ठेवा. त्याच रात्री वाडीतल्या इतरांचीही उपकरणं गेली असतील, तर महावितरणला १९१२ वर कळवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. आणखी एक: खाऱ्या हवेने चढलेला गंज बऱ्याच वॉरंटींतून वगळलेला असतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ती ओळ विकत घेण्याआधीच वाचावी.

प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या न्यायमंचात, गेलं आणि तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालाला साधारण ४५ दिवसांची मुदत असते, आणि तपासणीचं शुल्क आधी तक्रारदारालाच भरावं लागतं. म्हणून आधीचे कागद भक्कम असलेले बरे.

बाजारातल्या ओळखीच्या मेकॅनिककडून उघडून घेणं

माणूस चांगला असेल, हातही चांगला असेल. पण त्याने वॉरंटीतलं सील तोडलं की कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं. कस्टमर केअरचा नंबरही इंटरनेटवर शोधू नका, तिथे भामटे बसलेत. नंबर बिलावरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या.

दुरुस्तीआधीच ओटीपी देणं

"मॅडम, पार्ट चिपळूणहून मागवलाय, ओटीपी तेवढा सांगा." काम पूर्ण झाल्याची खूण म्हणून कंपनी हा आकडा तुमच्या मोबाइलवर पाठवते. तो कारागिराला सांगितला की कंपनीच्या नोंदीत तुमची तक्रार मिटलेली दिसते. पुढे "तीनदा दुरुस्त करूनही तोच बिघाड" असं म्हणायला जाल, तर नोंद म्हणेल की ग्राहक तिन्ही वेळा समाधानी होता. वस्तू नीट चालल्याशिवाय ओटीपी नाही.

बिलावरची पाटी ब्रह्मवाक्य मानणं

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेऊन पैसे देणं बिलातल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत नाकारलं, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. चारशे रुपये वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर फ्रिज घेणाऱ्याचं काय करायचं, हे मात्र कायद्यालाही कठीण जातं. आणि रंग आवडला नाही, ओट्याखाली बसत नाही, ही कारणं दोषात मोडत नाहीत. तिथे दुकानदाराची मर्जी. ऑनलाइन खरेदी असेल, तर ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण, अशी नियमातली मुदत आहे.

फोनवरच वर्ष घालवणं

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर उपयोगाचा आहे, मराठीतही बोलता येतं. पण ती हेल्पलाइन मध्यस्थी करते, निकाल देत नाही. आयोगात जायला वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात आणि हेल्पलाइनवर तक्रार चालू आहे म्हणून ती थांबत नाहीत. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पावती ठेवा, तक्रारीत दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा.

वस्तू दादरला घेतली म्हणून मुंबईला खेपा घालायची गरज नाही. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

होमस्टेवाल्यांनी एवढं बघावं: व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही. स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तर सूट आहे, पण ते तुम्हाला दाखवून द्यावं लागेल. घरच्या फ्रिजचं बिल धंद्याच्या जीएसटी नंबरावर घेतलंत, तर समोरचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवेल.