स्कूटरसाठी हब मोटर: हिशोब, वाइंडिंग आणि चाचणी

हब मोटर म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणारी मोटर. ती किती वॉटची हवी ते नंतर ठरेल. आधी गाडीचं वजन, चाकाची त्रिज्या, चढ आणि वेग कागदावर मांडा. इथे उदाहरणाला स्वारासकट २०० किलोची स्कूटर घेतली आहे. टायर ९०/१००-१०, म्हणजे बोजाखाली त्रिज्या साधारण २१ सेंमी. बॅटरी १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलची, ५१.२ व्होल्टची.

१० टक्के चढाला १९६ न्यूटन आणि रोलिंगला (टायर लोळण्याच्या अडथळ्याला) साधारण २९ न्यूटन, असे मिळून २२५ न्यूटन लागतात. त्याला ०.२१ मीटरने गुणलं की चाकावर ४७ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) येतो. सपाट रस्त्यावर ताशी ५० किमीला हवा आणि रोलिंग मिळून १०० न्यूटनच्या आसपास जोर पुरतो. म्हणजे २१ न्यूटन-मीटर, ६३० आरपीएम, १.४ किलोवॉट. २१ हा सतत लागणारा टॉर्क आणि ४७ हा काही मिनिटांचा. हा फरक विसरलं की मोटर एक तर विनाकारण जड होते, नाही तर जळते.

स्टेटरचा (आतला, न फिरणारा, दातेरी भाग) बाहेरचा व्यास २०० मिमी आणि लॅमिनेशनची (तो ज्या पातळ पत्र्यांचा बनतो त्यांची) थप्पी ४० मिमी धरा. टॉर्कला २π × त्रिज्येचा वर्ग × लांबी याने भागलं तर २१ न्यूटन-मीटरला ८.४ किलोपास्कल येतात. हा स्टेटरच्या पृष्ठभागावरचा कातर ताण. बंद हबमध्ये सतत चालवायला १० पर्यंत ठीक. आकडा जास्त आला तर थप्पी वाढवण्याआधी व्यास वाढवता येतो का ते पाहा, कारण टॉर्क व्यासाच्या वर्गाने वाढतो.

स्लॉट (दातांमधल्या खाचा) ३६ आणि मॅग्नेट ३२ घ्या. ही जोडी चांगली आहे: वाइंडिंग फॅक्टर (टर्नचा किती भाग कामी येतो ते) ०.९४५, कॉगिंग (फिरताना अडखळणं) कमी, आणि नमुना चार वेळा फिरून येत असल्याने रोटर (मॅग्नेटची बाहेरची फिरणारी रिंग) एका बाजूला ओढला जात नाही. दाताची रुंदी ८.५ मिमी. लॅमिनेशन ०.३५ मिमीचं सिलिकॉन स्टील. ६३० आरपीएमला फ्रिक्वेन्सी १६८ हर्ट्झ होते, त्यामुळे साध्या पत्र्याचा स्टेटर नुसत्या एडी करंटनेच (लोखंडात फिरणाऱ्या भोवरी प्रवाहांनीच) तापेल. लेझरने कापलेल्या लॅमिनेशनची बर (कडेला उरलेली धार) काढल्याशिवाय थप्पी दाबू नका. बरमुळे पत्रे एकमेकांना शॉर्ट होतात.

मॅग्नेट ४० × १७ × ३ मिमी, ग्रेड एन४२एसएच. साधा एन३५ स्वस्त पडतो, पण त्याची मर्यादा ८० अंशांची, एसएचची १५०. चपटा मॅग्नेट रिंगच्या गोल बोअरमध्ये (आतल्या पोकळीत) फक्त कडांवर टेकतो आणि त्याचा मध्य ०.३५ मिमी आत येतो. २०० + दोन गॅप (मॅग्नेट आणि स्टेटरमधली फट) + दोन मॅग्नेट असा सरळ हिशोब करून २०७.६ मिमी बोअर केलात तर ०.८ चा गॅप मध्यावर ०.४५ वर येतो, आणि बेअरिंगचा थोडा खेळ धरला की घासायची पाळी येते. बोअर २०८.४ मिमी करा. मागची फट इपॉक्सीने पूर्ण भरा, नाही तर खड्ड्यात आदळल्यावर मॅग्नेट तडकतो. रिंग माइल्ड स्टीलची, ६ मिमी जाड. वेल्डिंग आधी, लेथवर फिनिशिंग नंतर. प्रत्येक मॅग्नेट चिकटवण्याआधी खूण केलेल्या एका मॅग्नेटने त्याचा पोल तपासा. एक जरी उलटा बसला तर सगळं उकलावं लागतं.

आता वाइंडिंग. दर दाताला ५ टर्न, एका फेजचे (कॉइलच्या तीन गटांपैकी एकाचे) १२ दात सीरिजमध्ये, म्हणजे ६० टर्न. यातून टॉर्क कॉन्स्टंट साधारण ०.६५ न्यूटन-मीटर प्रति अँपिअर आणि वेग दर व्होल्टला १४.६ आरपीएम येतो. बिनलोड ७५० आरपीएम मिळतात, त्यामुळे ६३० ला थोडी राखीव जागा उरते. ४ टर्न केले तर वेग वाढेल, पण चढावर करंट पाव पटीने जास्त लागेल.

तार २१ गेजची, ९ धागे एकत्र (४.६७ चौ. मिमी). सगळी मिळून सव्वा किलो आणा. मोटरमध्ये जेमतेम ९०० ग्रॅम बसते, बाकीची टोकांना आणि वाया जाण्यात जाते. तारेवरचं एनॅमल (इन्सुलेशनचा लेप) १८० अंश क्लासचं घ्या. स्लॉटमध्ये ०.२५ मिमी नोमेक्स (उष्णता सोसणारा इन्सुलेशन कागद) घाला आणि तो दोन्ही बाजूंना ३ मिमी बाहेर ठेवा. तार सोलते ती बहुतेक दाताच्या कोपऱ्यावरच.

क्रम असा: १, २, ३ दात ए फेजचे, पहिला उजवा (घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळलेला), दुसरा डावा (उलट), तिसरा उजवा. ४ ते ६ बी, ७ ते ९ सी, दिशा तशाच. दहाव्यापासून पुन्हा ए. हा नमुना चारदा. दिशा नेहमी बाहेरून, दाताच्या तोंडाकडे बघून ठरवा. नऊही धागे समांतर ठेवा, पीळ देऊ नका, पिळाने स्लॉट भरत नाही. शेवटची तीन टोकं स्टार (एकत्र जोडून) करून ब्रेझ (पितळी झाळण) करा. नुसतं सोल्डर गरम झाल्यावर सुटू शकतं.

हॉल सेन्सर (मॅग्नेटचा पोल ओळखून रोटरची जागा सांगणारे) ३-४, ६-७ आणि ९-१० दातांमधल्या स्लॉटच्या तोंडाशी बसवा. सेन्सर लॅच प्रकारचाच (एका पोलने चालू, उलट्या पोलने बंद होणारा) हवा, उदाहरणार्थ एसएस४१एफ. दुकानात ए३१४४ सहज हाती ठेवतात, पण तो एकाच पोलला जागा होतो, इथे चालत नाही. सोबत १०के एनटीसी थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) कॉइलच्या मधोमध दाबून ठेवा आणि मगच वार्निश करून भट्टीत सुकवा.

वार्निशच्या आधी आणि नंतर ५०० व्होल्ट मेगरने (इन्सुलेशन तपासणारं मीटर) फेज ते बॉडी तपासा. नव्या वाइंडिंगला १०० मेगओमपेक्षा कमी दाखवलं तर कागद कुठे तरी फाटला आहे. रेझिस्टन्सला मल्टिमीटरचा ओम रेंज उपयोगाचा नाही: दोन टोकांमधून १० अँपिअर डीसी सोडा, थेट त्याच टोकांवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. तिन्ही जोड्या सारख्या आल्या पाहिजेत.

रोटर हाताने बसवू नका. मॅग्नेट त्याला खेचून आपटतात, बोटं चिरडतात. तीन लांब बोल्टच्या पुलरने हळूहळू उतरवा.

मग लेथवर किंवा ड्रिलने ३०० आरपीएमला फिरवून प्रत्येक दोन टोकांमधलं एसी व्होल्टेज घ्या. १४ ते १५ व्होल्ट, ८० हर्ट्झ अपेक्षित. दोन जोड्या ८ टक्के कमी आणि तिसरी बरोबर असेल, तर त्या दोघींना समान असलेल्या फेजमध्ये एक दात उलटा वळला आहे. टोकं मोकळी असूनही रोटर जड फिरतो आणि एखादीच कॉइल तापते, तर टर्न आपसात शॉर्ट आहेत. ती कॉइल काढून नवी वळा.

चढावर फेज करंट ७२ अँपिअर जातो. गरम तांब्यात त्यातून ३७० वॉट उष्णता निघते, आणि लोखंडाने ती उचलली नाही तर तांब्याचं तापमान सेकंदाला साधारण एक अंश चढतं. म्हणून कंट्रोलरला थर्मिस्टर जोडून ११० अंशांपासून करंट कमी आणि १३० ला बंद असं सेट करा. एक्सलच्या चपट्या बाजूंवर दोन्हीकडे स्टीलची टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणारी पट्टी) हवीच, विशेषतः रिजनरेटिव्ह ब्रेक (मोटरनेच ब्रेक लावून बॅटरी चार्ज करणं) वापरणार असाल तर: टॉर्कची दिशा उलटसुलट होत राहते, नट ढिला होतो, एक्सल फिरतो आणि आतल्या केबल तुटतात. पहिली धाव बंद आवारातच घ्या. एवढ्या वेगाची गाडी भारतात सार्वजनिक रस्त्यावर चालवायला मान्यता आणि नोंदणी लागते.